शेवटचा काळा चिमटा

धुकं इतकं दाट उतरलं होतं की समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती, नुसता त्याचा खोकला ऐकू येत होता. थंडीनं गॅरेजचं शटर आखडलं होतं. सूनबाईनं त्याला खालून खांदा दिला, एक हिसका मारला, तसं ते कुरकुरत वर गेलं. मग नेहमीचं सुरू झालं. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या तारा काढायच्या, एकेकीचं बूच उघडून आत पाणी किती ते बघायचं, कमी असेल तिथं घालायचं.

उस्ताद, म्हणजे तिचे सासरे, मफलर गुंडाळून दाराशी खुर्चीवर बसले. चाळीस वर्षं हे गॅरेज त्यांनी चालवलं. वळणावरच्या गाडीची घरघर ऐकून तिचा आजार सांगावा तर उस्तादांनीच. पण गेल्या वर्षापासून हात थरथरायला लागले. पाना बोल्टला लागायचा सोडून शेजारी टकटक करायचा. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवतो. त्याला गाडीत बसणं आवडतं, गाडीखाली झोपणं नाही. राहिली सून.

ती या घरात आली तेव्हा काजं-बटणं करायची. दुपारी डबा घेऊन गॅरेजात यायची आणि डबा रिकामा होईस्तोवर प्रश्न विचारून उस्तादांचं डोकं खायची. हे काय, ते कुठं जातं, हे गरम का होतं. उस्ताद म्हणायचे, घास तरी गिळू दे गं बाई. चौतिसाव्या वर्षी ती तांत्रिक शाळेत जाऊन बसली. वर्गात सगळी मिसरूड न फुटलेली पोरं, आणि त्यांच्यात ही एकटी घरचं आवरून धापा टाकत येणारी. पहिली आली. उस्तादांनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं, "बरं झालं" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिलं.

आपल्यामागं गॅरेज सुनेच्या हवाली करायचं की कायमचं बंद करायचं, हे त्यांचं काही केल्या ठरत नव्हतं. बायकोनं फारच पिच्छा पुरवला तेव्हा ते म्हणाले होते, काम येतं तिला, नाही कोण म्हणतंय? पण आलेलं गिऱ्हाईक अजून मलाच हाक मारतं. ज्या दिवशी तिला मारेल, त्या दिवशी बघू.

आठ वाजायच्या सुमारास गुरांचे डॉक्टर पायीच धावत आले. गळ्यात पिशवी, तोंडातून वाफा. अर्ध्या तासाच्या वाटेवर एक गाय अडली होती, वासरू आत आडवं फिरलेलं. आणि गाडीतला दिवा जळत राहून बॅटरी पार उतरलेली. किल्ली फिरवली की नुसतं टक्. हे सगळं ते उस्तादांना सांगत होते. सूनबाई दोन हातांवर उभी होती, पण तिच्याकडं त्यांनी मान वळवली नाही.

तिनं दोन्ही टोकांना लाल-काळे चिमटे असलेली केबल उचलली आणि व्हॅन काढली. उस्ताद शेजारी बसले, डॉक्टर मागं. दवाखान्यापाशी तिनं व्हॅन डॉक्टरांच्या गाडीसमोर नाकासमोर नाक आणून थांबवली, पण मध्ये हातभर जागा सोडून. दोन्ही गाड्या बंद, दिवे बंद, हँडब्रेक ओढलेले. मग तिनं खिशातून मोठा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. वेल्डिंग करायचंय का, असं डॉक्टरांनी कुजकटपणे विचारलं. बॅटरी कुठं तडकली-फुगली आहे का, आतलं पाणी गोठलंय का, ते तिनं आधी निरखून पाहिलं. एक लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा व्हॅनच्या प्लसला. काळा व्हॅनच्या मायनसला.

उरला शेवटचा काळा. तो घेऊन ती उतरलेली बॅटरी ओलांडून पार पलीकडं वाकली. इंजिनाचा एक जाड बोल्ट तिला सापडला, पण त्यावर मळ बसलेला. ती पॉलिश पेपरनं तो घासायला लागली.

इथं डॉक्टरांचा धीर सुटला.

"अहो बाई, मायनस हा इथं समोर आहे, तुम्ही तिकडं काय घासत बसलाय? उस्ताद दोन मिनिटांत लावून मोकळे व्हायचे. उस्ताद, घ्या हो तुम्ही हातात. तिकडं जनावर मरतंय."

सूनबाईचा हात थांबला. तिनं उस्तादांकडं पाहिलं नाही. बोल्टकडंच बघत राहिली.

डॉक्टरांचं खोटं नव्हतं. उस्ताद आयुष्यभर तो चिमटा थेट बॅटरीवरच लावत आले होते. नुसता हात पुढं करायचा अवकाश, चिमटा त्यांच्या हातात आला असता. ते पुढं झाले. आणि त्यांनी डोक्यावरची टोपी मागं सरकवली.

"डॉक्टर, माझी उजवी भुवई बघा."

"अर्धी आहे. माहीत आहे मला. कंपनीचा माल खराब निघाला, बॅटरी फुटली. शंभरदा सांगितलंय तुम्ही."

"कंपनीचं काही चुकलं नव्हतं. मी शेवटचा चिमटा बॅटरीवर टेकवला. बॅटरीतून गॅस निघतो, तिथं ठिणगी पडली, आणि वर माझं थोबाड. डोळा वाचला एवढंच." त्यांनी टोपी पुन्हा पुढं ओढली. "त्याच्यानंतरही तसंच लावत आलो. पद्धत बदलली असती तर लोकांनी विचारलं असतं, का बदलली. ठिणगी उडायचीच तर बॅटरीपासून लांब उडू दे म्हणून ती तिकडं लावतेय. ती करतेय ते बरोबर. गाय तुमची, पण चिमटा तिचा."

डॉक्टर एक पाऊल मागं सरकले. बोल्ट चकाकला, चिमटा बसला, चट् करून बारीकशी ठिणगी उडाली ती बॅटरीपासून लांब. तिनं व्हॅन चालू केली, चार-पाच मिनिटं तशीच राहू दिली. मग तिनं डॉक्टरांना सेल्फ मारायला सांगितलं. पहिल्यांदा गाडी कण्हली. दुसऱ्यांदा सुरू झाली.

चिमटे तिनं उलट्या क्रमानं काढले, बोल्टवरचा काळा सगळ्यात आधी, एकाला दुसरा लागू न देता. डॉक्टरांनी गाडी मागं घेतली, पुन्हा थांबवली आणि काच खाली केली. उस्ताद खिडकीला लागूनच उभे होते. त्यांच्या बाजूनं मान बाहेर काढून डॉक्टरांनी सूनबाईला विचारलं, "बाई, तिथं पोचल्यावर बंद केली तर पुन्हा चालू होईल का?"

"बंद करूच नका. मोकळ्यावर उभी करा, चालू राहू दे. आणि परत येताना सरळ माझ्याकडं आणा."

उस्तादांनी हे ऐकलं आणि मफलर उगाचच सोडून पुन्हा बांधला. छाती अशी भरून आली होती की मफलर तोकडा पडावा.

परतताना व्हॅनमध्ये त्यांनी तिला विचारलं, भुवईचं तुला ठाऊक होतं का.

"कधीपासून. बॅटरीच्या धड्याला बसले त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली नाहीस ती?"

"मामंजी, तुम्ही ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचात, मोडवली नाही."

उस्ताद इतके हसले की पुढच्या चौकापर्यंत खोकत राहिले.

दुपारी उस्तादांचा फोन वाजला. डॉक्टर होते. वासरू पाय टेकून उभं राहिलं होतं, दूध ओढत होतं. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांबा, मला काय सांगताय? मालकीणबाईंना देतो."

सूनबाईनं वर पाहिलं. ती एका टॅक्सीच्या बॅटरीवर चढलेला हिरवा-पांढरा थर खरडत होती; दोन्ही हात सोड्याच्या पाण्यानं ओले.

"त्यांना म्हणावं, गाडी घेऊन या आधी," ती म्हणाली, आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवून घासायला लागली.