प्रमोदरावांची पावलं

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पांढुर्ण्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. फोनने कितीही चाळे केले तरी शेवटी कारण सापडतंच. पाणी गेलेलं असतं, नाहीतर बोर्ड उडालेला असतो. पण या एका फोनपुढे मी हात टेकलेत...

फोन प्रमोदरावांचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, वर्षाच्या नवऱ्याचा. ते सौसरला राहायचे, पिकअप चालवायचे. गेल्या संत्र्याच्या सीझनमध्ये एका सकाळी अकराला क्रेट भरून पांढुर्ण्याला निघाले. तासाभराचा रस्ता. दुपारी तीनपर्यंत पत्ता नाही म्हणून मी बाईक काढली.

जामसांवलीच्या फाट्याजवळ पिकअप दिसली. रस्त्याच्या कडेला नीट लावलेली. किल्ली जागेवर, संत्री जशीच्या तशी, चपला पेडलपाशी. फोन होल्डरमध्ये, चार्जिंगला लावलेला. माणूस तेवढा नाही.

शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एक बाई शेळ्या चारत होती. तिला विचारलं.

"अकरा-साडेअकरापासून गाडी उभीच हाय, भाऊ," ती म्हणाली. "मी इथंच बसून हावो. गाडीपाशी कोणी आलं नाही न गेलं नाही."

वर्षाला फोन केला तर ती वेगळंच सांगायला लागली. "दादा, साडेबाराला बोलले ना हे माझ्याशी! पाचोळ्यातून चालल्यासारखा आवाज येऊन राहिला होता. म्हटलं, कुठं आहात? तर म्हणे, पोचतोच, थोडंच राहिलं."

साडेबाराला! फोन तर गाडीत होता...

ठाण्यात तक्रार दिली. आसपासची शेतं, विहिरी, नाले, सगळं पालथं घातलं. काही नाही. दोन महिन्यांनी पोलिसांनी फोन परत दिला आणि मी तो घेऊन बसलो. साडेबाराचा कॉल नोंदलेला होता, वर्षाकडून आलेला, उचललेला, चाळीस सेकंदांचा. लोकेशन सव्वाअकरापासून एकाच जागी. चार्जिंग एकदाही तुटलेलं नाही. आणि पावलं मोजणाऱ्या ॲपमध्ये सव्वाअकरा ते तीन — चौदा हजार पावलं.

मी डोकं खाजवत राहिलो. इंजिनच्या थरथरीने आकडा वाढला असेल? माझा फोन त्याच पिकअपमध्ये लावून तासभर इंजिन चालू ठेवलं. चाळीस पावलं भरली. बरं, ते फोन घेऊन गेले आणि परत आणून ठेवला म्हणावं, तर चार्जिंग तुटायला हवं होतं. ती बाई खोटं बोलली असेल? पण कशासाठी? घर सोडून गेले म्हणावं, तर अनवाणी? रोज नवी थिअरी मांडायचो, चहा संपेपर्यंत ती कोसळायची. गिऱ्हाइकाचा फोन हातात असला तरी डोक्यात हेच.

शेवटी फोन वर्षाला नेऊन दिला. तिने तो चार्जिंगला लावून देवघराजवळ ठेवला. आठवड्याने तिचा फोन आला, "दादा, पावलं वाढून राहिली."

मी धावत सौसरला गेलो. त्या फोनला कोणी हात लावत नव्हतं. शेजारी माझा फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत माझ्यात शून्य. त्यांच्यात सहा हजारांवर. सेन्सर बिघडला असेल म्हणून उघडायला घेतला, तर वर्षाने माझा हातच धरला.

"नको उघडू. बंद पडला तर?"

तेव्हापासून रोज सकाळी ती मला आदल्या दिवसाचा आकडा सांगते. कधी आठ हजार, कधी दहा. मी तो वहीत लिहून ठेवतो. परवा मात्र आकडा सांगताना तिचा आवाज उतरला होता. म्हणाली, "काल दोनच हजार झाली. थकले असतील का रे हे?"

मी म्हटलं, चार्जर नीट लावलेला ठेव. मला अजून काही कळलेलं नाही...