बनियनच्या फडक्यातली स्लाईड

इथले अनुभव मी नेहमी जेवताना वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो. चकवा, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. खरं तर विश्वास ठेवायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि माझी सगळी ताकद ऑफिस, आईचे गुडघे आणि बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट यांतच संपते. तरीही लिहितोय, कारण चार महिने झाले, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

आम्ही नाहूरला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, एका जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचो. जिन्याखाली बाबांची शंभर सीसीची मोटारसायकल उभी असायची. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या गाड्या रविवारी तेच बघायचे. त्यांची एक सवय होती. कुठलाही पार्ट बदलला, की जुना पार्ट बनियनच्या फडक्यात बांधून त्या गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचे आणि मालकाला उघडून दाखवायचे. "बघून घ्या," म्हणायचे. लोक म्हणायचे, अहो काका, आमचा विश्वास आहे! तरी दाखवायचेच.

शेवटच्या वर्षी त्यांची स्वतःचीच गाडी बिघडली. कार्बोरेटरची स्लाईड झिजली होती — म्हणजे ॲक्सिलरेटर पिळला की आत वर-खाली होणारा बोटाएवढा गोल तुकडा. "कुर्ल्याला स्लाईड बघ रे," ते मला म्हणाले. मी म्हणालो, हो, बघतो. मग पुन्हा म्हणाले. मग पुन्हा. माझं ऑफिस कुर्ल्यालाच आहे, स्पेअर पार्टची गल्ली तिथून दहा मिनिटांवर. रोज संध्याकाळी वाटायचं, आज नको, उद्या. दिवाळीनंतर बाबा गेले. गाडी तशीच बंद राहिली.

जूनमध्ये बिल्डिंग रिकामी करायची नोटीस लागली. मी भंगारवाल्याचं नाव काढताच आई म्हणाली, "बंद गाडी ढकलत नेऊ नकोस. त्यांना स्ट्रेचरवरून ढकलत नेलं, तेवढं पुरे झालं. चालू कर, मग विक नाहीतर काय वाट्टेल ते कर." आई सहसा काही मागत नाही.

म्हणून मुलुंडच्या दिगंबरकाकांना बोलावलं. ते बाबांचे कारखान्यातले दोस्त, मूळचे मालवणचे. डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरतात, त्यामुळे स्वतः पान्हा धरत नाहीत. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून हुकूम सोडायचे आणि काम मी करायचं, असं ठरलं. त्यांनी सांगितलेलं सामान आणायला आदल्या दिवशी मी एकदाचा त्या गल्लीत गेलो. गॅस्केट, जेट, फ्लोट पिन असं सगळं किट मिळालं. स्लाईडचं विचारलं तर गल्लीतल्या सहाही दुकानांत एकच उत्तर. "अंकल, इस मॉडल का स्लाईड अब आता ही नहीं." बाबा मागत होते तेव्हा मिळत होती की नाही, हे मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

रविवारी दुपारी बसलो. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. कार्बोरेटर उघडला. "मेल्या, हळू! तां पितळ असा, आटे जातीत," काका ओरडले. फ्लोट पिनच्या टोकाला खाच पडली होती, म्हणून पेट्रोल गळत होतं. जेट फुंकून साफ केले, किटमधलं सगळं नवीन बसवलं. राहिली स्लाईड.

"आता ती आत घाल आणि हलव," काका म्हणाले.

हलवली. खडखड वाजली.

"आयकलंस मा? नवी असली तर आवाज येवचो नाय. संपली ती."

एका बाजूचा मुलामा उडून उभे ओरखडे पडले होते. मोबाईलवर फोटो काढायला गेलो, तर स्लाईड हातातून निसटून लादीवर पडली आणि वरची कड किंचित चेपली. "तुझो बापूस असतो तर आज तुझा काय खरा नव्हता," काका म्हणाले. ते हसत होते, मला मात्र रडू आलं. चेपल्या कडेचाही फोटो काढला. दोन्ही फोटो अजून मोबाईलमध्ये आहेत.

दुसरी स्लाईड नव्हती, म्हणून तीच परत बसवली. पंधरा-वीस किका मारल्यावर गाडी चालू झाली, भसाभसा रेस झाली, आणि हात काढताच बंद. काका म्हणाले, घाटकोपरला एक ओळखीचा आहे, त्याला विचारतो. मी पेट्रोलचा कॉक बंद केला. टूलबॉक्समधली हत्यारं वर घरी नेली आणि रिकाम्या टूलबॉक्सला कुलूप लावलं. त्याची एकच चावी, ती माझ्या ऑफिसच्या चाव्यांबरोबर असते.

शनिवारी काकांचा फोन आला. घाटकोपरलाही नाही. मी शांतपणे भंगारवाल्याला रविवारी अकराची वेळ दिली. आई पूजेला बसली की गाडी ढकलत गेटबाहेर न्यायची, असं ठरवलं होतं. लाज वाटत होती. पण दमलो होतो हो... किती ठिकाणी पुरे पडायचं माणसानं?

सकाळी साडेदहाला खाली गेलो. कव्हर काढलं. ढकलण्याआधी एक किक मारली, नुसती मनाच्या समाधानासाठी.

पहिल्या किकला गाडी चालू झाली. हात काढला. बंद पडली नाही. एकसारखी, धीम्या आवाजात चालत राहिली... बाबा जिन्याखाली उभी करून वर चपला बदलायला यायचे ना, तेव्हा चालायची तशी.

वरून खिडकीतून आईचा आवाज आला, "मिळाली वाटतं रे स्लाईड!"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काकांना फोन केला. ते रिक्षाने आले, दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "उघड."

कार्बोरेटर उघडला. आतली स्लाईड चकचकीत, एक ओरखडा नाही. काकांनी ती हातात घेऊन बोट फिरवलं, मग आत घालून हलवायला लावली. आवाज नाही. मग ते हळूच म्हणाले, "जुनी खंय?"

माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं ते काय विचारतायत. टूलबॉक्सचं कुलूप उघडलं. आत बनियनच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं. तीच ओरखड्यांची स्लाईड, वरची कड चेपलेली. मी फोटो लावून बघितला. तीच.

मी सगळं तपासलं. आई जिना उतरत नाही. काकांना साधा स्क्रू धरता येत नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं तोंड गेटकडे आहे. वॉचमन शपथेवर सांगतो, रात्री कोणी आलं नाही. बायको म्हणाली, "तूच कुठून तरी आणून बसवलीस आणि विसरलास. झोप कुठे होते तुला?" हे पटलं असतं तर बरं झालं असतं. पण मग ती मिळाली कुठे? काकांना विचारलं तर म्हणाले, "माका विचारू नको झिला." आणि चहासुद्धा न घेता गेले.

भंगारवाल्याला परत पाठवलं. महिन्याच्या शेवटी आम्ही मुलुंडला भाड्याच्या घरात आलो. गाडी मी चालवत आणली. आता आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते, "ह्यांची शेवटची इच्छा होती. पोराने कुठून कुठून शोधून स्लाईड आणली हो." मी मान खाली घालून चहा पितो.

तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. जुनी स्लाईड त्याच फडक्यात माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, लोक नको म्हणतात तरी जुना पार्ट कशाला दाखवता? ते म्हणाले होते, "काम झालं हे त्याने डोळ्यांनी बघितलं, की मग तो घरी जाऊन विचार करत बसत नाही."

मी रोज बघतो, बाबा. तरी बसतोच.