टापेटचा आवाज

शेजारच्या शेतात सकाळपासून हळद शिजते आहे. वाफेचा तो कच्चा, मातकट, जरासा उग्र वास अंगणात येऊन बसला आहे आणि मी सूप बाजूला ठेवून भिंतीला टेकले आहे. हल्ली असंच होतं बघा. काम हातात असतं, हात मात्र आपले आपण थांबतात. आमच्या वसमतकडं या दिवसांत कुठंही जा, हा वास सोबत येतो. लुगड्याला, भाकरीला, अगदी झोपेतसुद्धा. शिजलेली हळद वाळली की पॉलिशचा ढोल येतो, भला थोरला, लोखंडाचा. हळकुंडं घालून तो फिरवला की असा खडखडाट उठतो, जवळच्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. आमच्या मालकांनी तरुणपणापासून असले ढोल चालवले. हळद उजळायची, त्यांचं ऐकू येणं मात्र दरवर्षी थोडं थोडं कमी व्हायचं. पुढं पुढं तर मी स्वयंपाकघरातून हाक मारायची सोडूनच दिली. उठून जायचं, खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं.

पण मला सांगायचं आहे ते गाडीचं. आमची मोटारसायकल जुनी आहे आणि पंक्चर सोडलं तर तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हा मालकांचा हट्ट. इंजिनाच्या डोक्यात झडपा असतात. झडप आणि तिला दाबणारी दांडी, या दोहोंच्या मधे केसासारखी बारीक फट ठेवावी लागते. ती जुळवणं म्हणजे टापेट करणं. फट वाढली की टिकटिक वाजतं. फार कमी केली तर आवाज जातो, माणूस खूश होतो, पण इंजिन तापलं की झडप पुरती मिटत नाही आणि गाडीचा दम जातो. म्हणून थोडा आवाज राहिलाच पाहिजे. आता हा थोडा म्हणजे किती, हे ढोलानं कान नेलेल्या माणसाला कसं कळावं? तिथं मी लागायची.

गाडी रात्रभर निवलेली असायची. सकाळी, चहाच्या आधी, ते पोतं अंथरून बसायचे, झाकणं काढायचे, पान्ह्यानं नट ढिला करून स्क्रू हळूच फिरवायचे. मग गाडी चालू करून म्हणायचे, ‘‘ऐक बरं.’’ मी पदर मागं सारून इंजिनाशी कान नेऊन बसायची.

‘‘वाजून राहिलं,’’ मी ओरडून सांगायची.

‘‘किती?’’

‘‘भाकर उलटताना बांगडी वाजती तेवढं.’’

‘‘अन् किती पाहिजे?’’

‘‘मुंगी चालल्यावानी.’’

‘‘मुंगी चाललेली ऐकलीस का कधी?’’

‘‘तुमी न्हाई ऐकली म्हणून कुणीच न्हाई ऐकली व्हय?’’

ती फट मोजायची पत्र्याची पट्टी त्यांच्याकडं होती. तेल लावून खोक्यात ठेवलेली. ती कधी बाहेर यायची नाही. पट्टीला ऐकू येत न्हाई, असं म्हणायचे. शेतात काय पेरायचं, लेकीला कुठं द्यायचं, हे मला विचारून कुणी ठरवलं नाही हो. पण या एका कामात मी मान हलवल्याशिवाय इंजिनाचं झाकण बसत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या शब्दाला किंमत होती ती त्या पोत्यावर. ती जागा मला फार प्रिय होती, हे आता सांगताना कळतं आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत टापेट काही केल्या जुळेना. मी कान लावला की टिकटिक. त्यांनी स्क्रू कसून फट कमी केली, तरी टिकटिक. गाडी निववून दुसऱ्या सकाळी पुन्हा, तिसऱ्या सकाळी पुन्हा. ‘‘आता किती कसू?’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘वाजतंय तर न्हाई वाजत म्हणू का?’’ त्यांनी आणखी कसलं. माझ्यावर त्यांचा तेवढा भरवसा होता.

मग आम्ही लेकीकडं निघालो, आखाडा बाळापूरला. वाटेत गाडीचा जोर कमी कमी होत गेला आणि वारंगा फाट्याच्या अलीकडं ती बंदच पडली. दोघांनी ढकलत ती फाट्यावर आणली, लिंबाखाली लावली. माझी कंबर भरून आली होती. पोरगा फोनवर दर वेळी म्हणतो, विकून टाका ती गाडी, तुमचं वय काय, तिचं वय काय. आज त्याला कळलं तर गाडी जाईल, आणि पुढं लेकीकडं जायचं तेही दुसऱ्याच्या सवडीनं, हे दोघांच्याही मनात होतं.

तेवढ्यात मला टिकटिक ऐकू आली. वाटलं, तापलेलं लोखंड निवताना करतं तसा आवाज असेल. मी उठून पलीकडच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसले. टिकटिक तिथंही. ट्रक गेला, त्याचा आवाज मला लांबून आल्यासारखा आला. टिकटिक मात्र जवळ. मी कानात बोट घातलं. ती आणखी स्पष्ट झाली.

मालक चहाला आले तेव्हा मी त्यांना हळू सांगून पाहिलं. हळू सांगून त्यांना काय कळणार?

‘‘काय म्हणतीस?’’

‘‘गाडी न्हाई वाजत. माझे कान वाजून राहिले.’’

‘‘कोण वाजून राहिलं?’’

शेवटी सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं, की मला ऐकू येऊन न्हाई राहिलं. चहावाले चाचा आमच्या मधे कप ठेवत म्हणाले, ‘‘काहून भांडता बाई रस्त्यात? चा घ्या, ठंडे व्हा.’’

मालकांनी बशीत चहा ओतला. मग विचारलं, ‘‘तकलीफ व्हती का?’’

‘‘न्हाई. नुसतं वाजतं.’’

‘‘मग काहून रडतीस?’’

इंजिन निवल्यावर त्यांनी अंदाजानं फट वाढवली आणि खटखटत्या गाडीवर आम्ही लेकीला न भेटताच परत आलो.

दुसऱ्या सकाळी त्यांनी खोक्यातून पट्टी काढली, धडप्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. त्यांची बोटं आता जाड झाली आहेत, बारीक काही कळत नाही. मी ती फटीत सरकवली.

‘‘कशी जाती?’’

‘‘ओल्या केसातून फणी जाती तशी.’’

‘‘ऱ्हाऊ दे मग.’’ त्यांनी नट आवळला, गाडी चालू केली आणि सवयीनं म्हणाले, ‘‘ऐक बरं.’’

मी सवयीनंच वाकले आणि तशीच उठायला लागले. ‘‘मला काय कळणार आता,’’ म्हटलं. इतका शीण आला होता, आत जाऊन पडावं वाटत होतं.

‘‘तरी बस,’’ ते म्हणाले.

मी बसले. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मी इंजिनाकडं. बरोबर झालं की नाही, ते बाळापूर गाठल्यावरच कळणार होतं. वयासोबत एकेक काम हातातून सुटत जातं, आणि कामासोबत आपणही उठून जावं असं वाटायला लागतं. त्या सकाळी मला कुणी उठू दिलं नाही. दमलेल्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं.