माझ्या अंगात आलं तो मंगळवार

हसायचं तर हसा, पण आधी पुरतं ऐकून घ्या. लोकांच्या हातून चुका होतात. माझ्या हातून थेट देवी झाली!

तुम्हाला माहीतच आहे, मी बारावीनंतर बंगळुरूला गेले आणि योगोपचार शिकले. नुसती आसनं नव्हेत हं. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाच्या मनात जी भीती मुक्काम ठोकते, ती शरीराच्या वाटेनं कशी सोडवायची, ते. अभ्यासक्रमात तिला भलंमोठं इंग्रजी नाव होतं. आमच्या बीडकडे तीन अक्षरांत काम भागतं: धसका. आणि मी तिथेच शपथ घेतली की थंडगार खोलीत गालिच्यावर बसणाऱ्यांना हे शिकवायचं नाही. आपल्या माणसांकडे परत जायचं! आले. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात सामान उतरलं दोन बॅगा, आणि उत्साह ट्रकभर.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या शोभाताई. त्यांनी आसपासच्या वस्त्यांवरून बायका गोळा केल्या. कुणाचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं, कुणाच्या गर्भाशयाला किरणांचे शेक दिलेले. पण 'कॅन्सर' हा शब्द कुणाच्या तोंडी यायचा नाही. 'ती गाठ', 'ते दुखणं', नाहीतर नुसतंच 'ते'. दर मंगळवारी समाजमंदिरात सतरंजी पडायची. बायका डोक्यावरचा पदर न ढळू देता हात वर करायच्या, आणि मी 'श्वास सोडा' म्हटलं की तोच पदर तोंडाला लावून हसायच्या. मनातलं मात्र कुणी बोलायचं नाही. 'कसं वाटतंय?' म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर, 'बरं हाय.'

त्यांत एक सुलाबाई. ऑपरेशन होऊन गेलेलं, पण त्यानंतरच्या तपासणीला ती फिरकलीच नव्हती. दर मंगळवारी आमचा हा संवाद ठरलेला.

"सुलाबाई, तपासणीला कधी जायचं?"

"जाऊ की."

"पण कधी?"

"बऱ्या मान्सानं दवाखान्यात काहून जावं म्याडम? गेलं की ते कायतरी काढत्यात."

"असेल तरच काढतील ना!"

"मंग न गेलेलंच बरं की. न्हाई गेलं तर न्हाई निघत."

आता या तर्काला कुठल्या विद्यापीठात उत्तर आहे, सांगा! मी आकृत्या काढून दाखवल्या, विनवण्या केल्या. आणि वेळ तर संपत आलेली. दिवाळी झाली की टोळीचा ट्रक गावात येणार, सुलाबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणार, आणि मग पार उन्हाळ्यापर्यंत विषय बंद. आत काही वाढत असेल तर तेही तोवर थांबणार थोडंच?

तिच्याबरोबर तिची सासू यायची, जनाआत्या. गावच तिला आत्या म्हणतं, सूनसुद्धा. ती दाराशी बसून निवांत मिसरी लावायची. कॅन्सरच्या वर्गात, तंबाखूची मिसरी! मी एकदा तिला त्यावर सणसणीत भाषण दिलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं, बाहेर जाऊन थुंकून आली आणि म्हणाली, "लई चांगलं बोलतीस. लगीन झालं का?"

तर त्या मंगळवारी मी ठरवलं, आज 'थरथर' शिकवायची. कुत्र्याच्या तावडीतून सुटलेली शेळी बघा, उभी राहून आधी लटलटा कापते, मग चरायला लागते. माणूस मात्र कापणं दाबून ठेवतो आणि वर्षानुवर्षं आत घेऊन हिंडतो. ते मोकळं सोडायचं. बायकांना हे पटलं, पण हलायला कुणी तयार होईना.

"आमाला लाज वाटती बाई."

"ठीक आहे," मी म्हटलं, "आधी मी करते. चांगलं दहा-पंधरा मिनिटं करते. तुम्ही बघा, आणि तेवढ्यात तुमच्या मनात जे साठलंय ते बोलून टाका. मला ऐकू नाही आलं तरी चालेल."

आता माझी तयारी ऐका. पिना मानेला टोचतात, म्हणून मी केस मोकळे सोडले. डास फार झाले होते, म्हणून शोभाताईंना धूप घालायला सांगितला. फोनला स्पीकर जोडून जंगलातल्या ढोलांचा एक ताल लावला, जो मला फार शांत वाटायचा आणि जो, आता कळतं, आमच्या गोंधळ्यांच्या संबळाचा सख्खा मावसभाऊ होता. कुडता लाल. वार मंगळवार. नवरात्र नुकतंच सरलेलं.

तुमच्या लक्षात आलं ना? चटकन आलं! माझ्या नाही आलं हो. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

आधी गुडघे. मग कंबर, मग खांदे. मग मान, एकदम सैल, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. श्वास सोडताना पोटातून 'हूंऽऽ'. थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या, कुजबुज झाली. मला वाटलं, लाज गेली, बायका हलायला लागल्या! पायांवर गार पाणी पडलं. मला वाटलं, कुणाची बाटली सांडली. कपाळाला कुणाचं तरी बोट टेकलं. मला वाटलं, वा! भुवयांमधल्या जागेवर लक्ष द्या असं मागच्या खेपेला सांगितलं होतं, ते लक्षात ठेवलंय! मी आणखी जोरात घुमले. कानाशी एकेक जण येऊन काहीतरी बोलून जात होतं. ढोलांत शब्द कळत नव्हते, पण माझा ऊर भरून आला. अखेर बायका बोलत होत्या!

ताल संपला. मी डोळे उघडले.

समोर नारळ. नारळाशेजारी खण. लिंबू. माझ्या कपाळावरून ओघळलेलं कुंकू नाकाच्या शेंड्यावर आलेलं. सगळ्या बायका हात जोडून बसलेल्या, आणि खिडकीतून एक अनोळखी गृहस्थ टोपी काढून आत बघतायत. शोभाताई, माझ्या भरवशाच्या शोभाताई, ताटलीत कापूर पेटवत होत्या.

"शोभाताई, तुम्हीसुद्धा?"

"मी काय करू म्याडम? मला इश्वास न्हाई. पर आली असली तर आरती नको का?"

आधी मला संताप आला. एवढं शिकून परत यायचं ते यासाठी? पण खरं सांगू? संतापापेक्षा उत्सुकता मोठी निघाली. इतके दिवस ज्या बायका मला 'बरं हाय'च्या पुढे काही सांगत नव्हत्या, त्यांनी देवीला काय विचारलं असेल? मी मांडी घालून बसले आणि नाक पुसत विचारलंच.

खिडकीतले गृहस्थ पहिले. "पान्याच्या मोटरीचं इचारलं. चालू व्हईल का म्हणून."

"मग?"

"न्हाई म्हनली. मान हालवली."

एक बाई म्हणाली, "हे दुखणं माज्या लेकीला लागंल का, ते इचारलं." आणि चेहरा असा उजळला तिचा! "न्हाई म्हनली."

मग कमळाबाई. या सगळ्यांत गप्प बाई. खाली बघत म्हणाल्या, "मालक पयल्यासारखं जवळ बसून जेवतील का, इचारलं." थांबल्या. "न्हाई म्हनली."

मी मानेला हात लावला. आडवी हलणारी मान! मी पंधरा मिनिटं सगळ्या गावाला सरसकट 'नाही' म्हणत सुटले होते!

"कमळाबाई, ती नुसती माझी मान होती हो! सैल सोडलेली! तिला काही अर्थ नव्हता!"

"ऱ्हाऊ द्या म्याडम," त्या म्हणाल्या. "कुनापशी तरी बोलले. लई हलकं वाटलं."

तेवढ्यात माझं लक्ष सुलाबाईकडे गेलं. तिचा चेहरा एकदम निवांत. इतका निवांत की मला भीती वाटली.

"सुलाबाई, तुम्ही काय विचारलंत?"

"मी व्हय? मी म्हनलं, आई, ही पोरगी रोज दवाखान्यात जा म्हनती. हिचं ऐकू का?"

"आणि?"

"न्हाई म्हनली. लई जोरात म्हनली."

म्हणजे बघा! जगात देवी अंगात येऊन लोकांनी काय काय सांगितलं असेल, पण 'माझं ऐकू नका' असं सांगणारी मी पहिलीच.

"सुलाबाई, अहो मी देवी नाही!"

"देवी म्हनलीच व्हती," सुलाबाई शांतपणे म्हणाली, "हिचं ऐकू नको."

आता तुम्हीच सोडवा हा गुंता. मी देवी नाही हे तिला पटवायचं, तर तिनं माझं ऐकायला हवं. आणि माझं ऐकायचं नाही, हे मीच सांगून बसलेले!

मग मी जे केलं ते माझ्या बंगळुरूच्या गुरुजींना कधीही कळता कामा नये. मी ढोल परत लावला. डोळे मिटले आणि मान वरखाली हलवायला लागले. हो, हो, हो, जा, जा! सगळी विवेकबुद्धी मी त्या धुपात सोडली.

मग कमळाबाईंचा आवाज. "आता न्हाई हिच्यात कोन. आता नुसतीच हालतीया."

सगळ्या खो खो हसल्या. मी ढोल बंद केला. सुलाबाई घरी जायला उठली, आणि मी खरंच रडायच्या बेतात आले. पण दारात जनाआत्या बसलेली होती. ती जागची हलली नाही.

"सुले, काय म्हनली देवी?"

"पोरीचं ऐकू नको म्हनली, आत्या."

"बरं. माजं ऐकाया बंदी केली का?"

सुलाबाईनं पदर सारखा केला.

"केली का?"

"न्हाई."

"मंग उद्या सकाळच्या गाडीनं बीडला जायाचं. मी यीन संगं."

"आत्या, आन् काय निघालं तर?"

"निघालं तर निघालं. मी काय मेले का?"

सुलाबाई तिथेच, उंबऱ्यात खाली बसली आणि कापायला लागली. खरं कापणं. गुडघे, खांदे, हनुवटी, सगळं. सासूनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. मला पाठ होतं पुढे काय सांगायचं ते. मी जवळ गेले, "सुलाबाई, आता हळूहळू श्वास..."

"तू गप," जनाआत्या म्हणाली.

मी सतरंजीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं ते कापणं आपोआप थांबलं, सुलाबाईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "भूक लागली."

दोघी दुसऱ्या दिवशी गेल्या. तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, आणि ती तारीख टोळीच्या मुकादमाला जनाआत्यानं स्वतः जाऊन बजावली. सुलाबाई ट्रकमध्ये बसली ती हसत.

वर्ग जोरात चालू आहे, विचाराल तर. बायका आता छान थरथरतात, बोलतात, रडतात. फक्त मी काहीही सांगितलं की सगळ्या आधी दाराकडे बघतात. जनाआत्या म्हणते, "करा गं." मग करतात.

परवा मी न राहवून तिला म्हटलं, "आत्या, मी सांगते ते बरोबर असतं, एवढं तरी एकदा सगळ्यांना सांगा ना."

"सांगितलं असतं गं," ती हळहळून म्हणाली, "पर देवीच्या शब्दाम्होरं मी कोन?"

आता ती देवी कोण होती, हे मी तिला सांगू शकते. पण सांगणार कोण? पोरगीच ना!