मिठागराचं बेचकं

"तो काय संगम आहे?" काका म्हणाले. "माणसांनी खणलेला चर तो. उद्या म्हणशील, मोरीत सोडा."

वडिलांच्या अस्थी पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणातल्या चिंचेला टांगल्या होत्या. घरात आणायच्या नसतात. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, साताऱ्याकडून आले होते, आणि मुलगा नसल्यामुळे सगळं आपल्यालाच करायचं आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. त्यांना अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. मला त्या मिठागराच्या बेचक्यात सोडायच्या होत्या. वडिलांनी तसं सांगितलं होतं, आणि ते थट्टेत सांगितलं नव्हतं.

तारापूरच्या शाळेत ते इतिहास-भूगोल शिकवत. घरी पाहुणा आला की त्याला फिरायला नेत. आधी किल्ला, मग किल्ल्यातली विहीर, आणि शेवटी खाडीच्या बांधावरून बेचकं. मिठागरवाल्यांनी भरतीचं पाणी आत घेण्यासाठी कालवा खणला होता. थोडं आत गेल्यावर त्याचे दोन फाटे होत, त्या जागेला आम्ही बेचकं म्हणायचो. पाहुणे कंटाळत. अणुवीज केंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं, त्यांना तिकडची यंत्रं बघायची असत. वडील मात्र तिवरांच्या चिखलात उभे राहून सांगत, "किल्ला परक्यांनी आपल्यावर नजर ठेवायला बांधला. हे आपल्या लोकांनी पोटासाठी खणलं. आता सांगा, ऐतिहासिक स्थळ कुठलं?" उत्तराची वाट न पाहता ते परत फिरत.

दोन दिवस घरात वाद चालला. अखेर काकांनी एक पाऊल मागे घेतलं. नाशिक राहू दे, पण समुद्रातच, गुरुजी सांगतील त्या वेळी आणि काकांच्याच हातून. मी म्हटलं, "काका, त्या वेळी भरती असेल."

"पंचांग तू काढतेस की गुरुजी?"

सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. आमच्या शेजारची मांगेलीण, मासेमाऱ्यांच्या घरातली, तिथं बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. आईच्या माहेरच्या माणसासारखी ती आमच्याकडे यायची. तिनं हातातलं काम थांबवलं.

"काय वो भाऊ, भरतीत सोडताव मानसाला? आमी नाय सोडत. उलटा दारात येल."

"आमच्यात तसं काही नसतं," काका म्हणाले.

"तुमच्यात दर्याच नसंल."

आईच्या ओठाचा कोपरा हलला. कितीतरी दिवसांनी हलला. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि काकांनी आधी हार पाण्यात टाकला. लाटेनं तो आणून त्यांच्या पायांवर ठेवला. त्यांनी तो उचलून पुन्हा लांब फेकला. तो पुन्हा आला, या वेळी अर्धा वाळूत रुतलेला. गुरुजींना दुसऱ्या घरी जायचं होतं, ते दक्षिणा घेऊन निघाले. काका अस्थींचं गाठोडं छातीशी धरून उभे राहिले. सोडायचं त्यांचं धाडस होईना.

"ओहोटी दुपारनंतर," मी म्हटलं.

मग तोवर करायचं काय? घरी न्यायची सोय नव्हती, एकदा निघालेलं माणूस परत फिरवत नाहीत. आई किल्ल्याच्या दिशेनं चालू लागली. काका तिच्यामागे, मी त्यांच्यामागे.

तटाच्या सावलीत ती थांबली. "इथं ते पाहुण्यांना पाणी द्यायचे, भावोजी. तुम्हाला किती वेळा बोलावलं, तुम्ही कधी आला नाहीत."

"शेती होती, वहिनी."

"होती खरी."

विहिरीपाशी तिनं वाकून आत पाहिलं आणि काकांनाही पाहायला लावलं. वडील जे जे सांगत ते सगळं तिला पाठ होतं. ती एरवी त्या फेरफटक्याला यायचीही नाही. घरी परतल्यावर ते पुन्हा सगळं तिलाच ऐकवत असणार. काका हूं हूं करत होते. हळूहळू तेही थांबलं, ते नुसते ऐकू लागले. एका जागी त्यांनी गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, जसं झोपलेलं मूल घेतात.

बांधावर पोचलो तेव्हा पाणी वळलं होतं. तिवरांच्या मुळ्या उघड्या पडू लागल्या होत्या. काका बेचक्याच्या टोकावर उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले. भरतीला जिथं एका पाण्याची दोन होतात, तिथं आता दोन पाणी दोन बाजूंनी येऊन एकमेकांत मिसळत होती आणि एक होऊन खाडीकडे निघाली होती. एकावर मिठागरातला फेस होता, दुसरं गढूळ. थोडं अंतर दोन्ही शेजारी शेजारी वाहत, मग वेगळी ओळखू येत नसत.

मी म्हटलं, "हा संगम नाही, असं आता म्हणा."

काकांनी चप्पल काढली. ते चिखलात उतरायला लागले.

"भावोजी," आई म्हणाली. "तिच्या हातात द्या."

"मुलीच्या? वहिनी, गावात तोंड दाखवायचंय मला."

"तुम्ही तुमच्या गावाला दाखवा. आम्हाला इथं राहायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे. आणि दिलं.

चिखल पोटरीपर्यंत आला. गाठ घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवावी लागली. राख दोन्ही पाण्यांच्या मधोमध पडली, क्षणभर तिथंच फिरली, आणि निघाली. यंत्रांचा आवाज दुरून येत होता. फडकं मी पाण्यात सोडलं नाही. पिळून घरी आणलं.

काकांच्या गावी ही गोष्ट त्यांच्याही आधी पोचली म्हणतात. भावकीनं आमच्याकडे लग्नाची आमंत्रणं पाठवणं बंद केलं. पुढे एकदा तिकडच्या एका आत्यानं निरोप धाडला, नाशिकला जाऊन प्रायश्चित्त घे, सगळे विसरतील. मी कळवलं, विसरू नका.

त्यानंतर घरी पाहुणा आला की त्याला मी फिरायला नेऊ लागले. आधी किल्ला, मग विहीर. बेचक्यावर मात्र ओहोटी लागल्यावरच.