कुणाकडचं पाव्हणं?

मंडळी, आज डबा तसाच परत आणलाय.

आमच्या दूध संघाचा मेल मी सांभाळते. एकाच सर्व्हरवर ताण नको म्हणून काल दोन सर्व्हर केले आणि पुढे येणाऱ्यांना दोन्हींत वाटून देणारा लोड बॅलन्सर बसवला. सकाळी दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्या मामांचा फोन. "मॅडम, मेल उघडंना. समद्यांचंच बंद हाय."

लॉग, म्हणजे सर्व्हरची ये-जा नोंदवही, बघितला. बाहेरचं कुणीतरी पासवर्डचे अंदाज मारत होतं. पण लोड बॅलन्सर येणाऱ्याचा खरा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पुढे सांगतच नव्हता, प्रत्येकाच्या नावावर स्वतःचाच पत्ता देत होता. सर्व्हरने चोर समजून तोच पत्ता अडवला. सगळा संघ बाहेर!

आमच्या काष्टी गावात एसटीतून अनोळखी माणूस उतरला की पहिला प्रश्न, "कुणाकडचं पाव्हणं?" मूळ पत्ता पुढे पाठवायची तेवढी सोय मी चालूच केली नव्हती. दुपारी केली. पासवर्डही बदलले.

पण अडवण्याआधी चेअरमनसाहेबांच्या खात्यात एक लॉगिन झालंय. पत्ता त्याच लोड बॅलन्सरचा. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "उघडला असंल मीच. ध्यानात न्हाई."

त्यांच्याही ध्यानात नाही, खरा पत्ता लॉगमध्येही नाही. मग आत येऊन गेलं ते कुणाकडचं पाव्हणं? तुम्ही माझ्या जागी असता, तर काय समजून चालला असता?