काच लावलेलं साणं

लातूर जिल्हा झाला आणि मला तिथल्या कचेरीत कारकुनी मिळाली. आई गेलेली, माझं लग्न जमत नव्हतं. उरलो मी आणि गावाकडं एकटा बा. म्हणून औशात एक जुनं माळवदाचं घर विकत घेतलं. मुद्दाम तेच. त्याच्या मातीच्या छतावर बानं वर्षानुवर्षं पांढरी माती टाकली होती, पण उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. आम्हाला कोण आत घेणार? बाहेरून शिडी लावून वर चढायचं. आतलं घर त्यानं पाहिलं ते साण्यातून, उजेडासाठी छताला ठेवलेल्या भोकातून. आता त्याला त्याच घरात राहायला आणायचं, एवढाच माझा हट्ट होता.

हौसेनं संडास बांधला, पंखा लावला, शहाबादी फरशी घातली. स्लॅबही टाकणार होतो, तर गवंडी हसला. "साहेब, मानसाला प्यायला पानी न्हाई, स्लॅबवर काय मारता?" दुष्काळापुढं शहाणपण चालेना. माळवद राहिलं. निदान धूळ तरी नको म्हणून साण्याला जाड काच सिमेंटनं पक्की बसवली. फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

बा आला. फरशीवरून जपून चालला आणि ओसरीवरच झोपला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माती टाकून घेतो." आतून जिना असताना सवयीनं शिडी बाहेरूनच लावली. मला राग आला. "कर काय करायचं ते," म्हणालो आणि पंखा लावून आत पेपर वाचत बसलो.

साण्याजवळ माती ओढण्याआधी वरून हाक द्यायची रीत आहे. खालून कुणी 'हाव' म्हटलं की मगच ओढायची, नाहीतर चुलीवरच्या कालवणात माती पडते.

तासाभरानं बा उतरला आणि हातपाय न धुताच पिशवी उचलली.

"काय झालं?"

"चार डाव हाक मारली. तुजं डोकं दिसत व्हतं मला. वर बघितलं न्हाईस." मग चपला घालत म्हणाला, "पहिले घरवाले निदान हाव तरी म्हनायचे."

काचेमुळं ऐकू आलं नाही, हे मी स्टँडपर्यंत सांगत गेलो. "असंल," म्हणाला आणि एसटीत बसला. पुन्हा आला नाही.

त्याच दुपारी मी छिन्नीनं काच फोडली. तेव्हापासून फरशीवर रोज धूळ असते. सुट्टीच्या दिवशी मी साण्याखालीच बसतो. परवा माळवदावरून मांजर गेलं, तरी मी मोठ्यानं 'हाव' म्हणालो.